डाव्या हाताच्या कळा

पासलकर गेले त्या सोमवारी त्यांची खुर्ची मला मिळाली,
उशीसकट.
गेले म्हणजे निवृत्त झाले, सासवडला, लेकीकडे.
आप्पा बळवंत चौकातून आत, झेरॉक्सवाल्याच्या डोक्यावर,
तिसरा मजला. खिडकीतून समोरच्यांच्या एसीची पाठ दिसते.

संगणक त्यांचाच. मागे जायला मी बॅकस्पेस दाबली.
काही झालं नाही.
आल्ट आणि वरचा बाण. काही नाही.
नववीचा भूगोल उघडायचा होता
आणि मी दारातच,
चपला कुठे काढायच्या ते न कळलेल्या पाहुणीसारखी.

सेटिंग्जमध्ये शिरले. तिथे त्यांनी
सगळं घर हलवून ठेवलेलं:
वरच्या फोल्डरात जायला आल्ट-क्यू,
मागे यायला आल्ट-ए,
आत शिरायला आल्ट-एस,
आणि नाव बदलायला, जे इथे दिवसातून चाळीसदा लागतं
(अंतिम, अंतिम-सुधारित, अंतिम-आता-हात-लावू-नये),
आल्ट-झेड.
सगळं डाव्या हाताशी.
उजवीकडे एक कळ नाही.

मी मनातल्या मनात त्यांचा उजवा हात तोडला.
खाली कटिंग मशीन आहे, पातं मी पाहिलंय.
दोन दिवस त्या बोटांसाठी हळहळले,
बुधवारी डबा खाताना बाइंडिंगच्या मुमताजबींना विचारलं,
कधी झालं हो हे?
त्यांना हसून ठसका लागला.
"अगं, दहाच्या दहा होती की!
उजव्या हातात प्रूफ असायचं त्यांच्या. बोट ओळीवर.
पंखा बंद करू द्यायचे नाहीत
आणि ओळ सोडायचे नाहीत."

माझं तसं नाही. माझी प्रूफं पडद्यावरच येतात,
ती वाऱ्याने उडत नाहीत.
माझा उजवा हात मोकळा आहे, फक्त मनगटात कळ आहे,
कुठल्याच कीबोर्डावर नसलेली.
नऊ वर्षं माऊस. डॉक्टर म्हणाले, सोडा आता,
तंबाखू सोडा म्हणतात त्या आवाजात.

गुरुवारी वीज गेली. यूपीएस टुकटुकत होता
त्या बारा मिनिटांत मी माझी यादी केली.
जुनी कळ पुसायची, नवी दाबायची, ठीक आहे.
वर, मागे, आत, सगळं दोन्ही हातांत वाटून.
जड गेलं नाही. फक्त वीज आल्यावर
बोट आपोआप क्यूवर गेलं.
तीन दिवसांत मला त्यांची सवय लागली होती
आणि आता माझ्याच दारात मीच अडखळत होते.

यादीत तळाशी एक उरलं होतं. आल्ट-डब्ल्यू.
पत्ता: डी, कामे, अपुरी, स्वतःचं.
दाबून पाहिलं.
हे ठिकाण सापडत नाही.

नेलं असणार पेनड्राइव्हवर. काय होतं कोण जाणे,
अंजिरांचा हिशेब, प्लॉटचा सातबारा,
की कुणाला न दाखवलेलं काही.
मुमताजबींना मी हे विचारलं नाही.
अकराशे फोल्डर आहेत डीवर,
इयत्ता, विषय, माध्यम, आवृत्ती,
त्यांत असं नाव दुसऱ्या कशालाच नाही.

ती कळ बदलायला मी गेलेच नाही.
सहा वाजता, सगळं बंद करण्याआधी,
डी, कामे, अपुरी, एकेक पायरी उतरत गेले,
नवा फोल्डर केला.
नाव तेच दिलं, विसर्गासकट.

आल्ट. डब्ल्यू.
उघडला.
हा फोल्डर रिकामा आहे, असं आलं.

खाली झेरॉक्सवाला शटर ओढत होता.
धायरीची बस आत्ताच सुटली असेल.
मी उजवा हात मांडीवर ठेवला
आणि पुन्हा एकदा दाबून पाहिलं.